जिवाभावाचे शेजारी नाशिक सोडून चाललेत. निरोप नीट कसा द्यावा?

इंदिरानगरकर
समोरच्या दारातलं कुटुंब मेच्या दुसऱ्या आठवड्यात कायमचं कोलकात्याला चाललंय. नवरा-बायको, चौथीतला मुलगा आणि आजी. त्यांचा मुलगा आणि आमची मुलगी एकाच वर्गात. दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे असतात, यावरून काय ते समजा. सामान ट्रकने आदल्या दिवशी जाणार, माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिक रोडहून गीतांजली एक्स्प्रेसने.

सोसायटीतले म्हणतात, आदल्या रात्री हॉलमध्ये मोठं जेवण ठेवू, शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू. मला ते काही पटत नाहीये, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही. जेवण कधी ठेवावं, भेट काय द्यावी, गाडीत बरोबर काय द्यावं, स्टेशनवर किती जणांनी जावं? अनुभवी मंडळींनी नीट सविस्तर सांगावं. "मनापासून द्या, काहीही चालेल" असली उत्तरं कृपया नकोत.

---

पंचवटीची मावशी
आदल्या रात्रीचं जेवण आधी रद्द करा. बाकीचं सगळं त्यानंतर बोलू.

आदल्या दिवशी त्या घरात पॅकिंगवाले असतात. सकाळी खोकी भरायला लागले की पहिलं स्वयंपाकघर जातं, संध्याकाळी ट्रक हलेपर्यंत बाई पायावर उभी असते. रात्री तिला केस विंचरायचंही त्राण नसतं, आणि तिला तुम्ही हॉलमध्ये खुर्चीवर बसवून भाषणं ऐकवणार. निरोपाचा कार्यक्रम जाण्याच्या आठ-दहा दिवस आधीचा धरा, रविवार बघून. तेव्हा घर लागलेलं असतं, माणसं निवांत असतात, आजींना बसायला त्यांची नेहमीची खुर्ची असते. सोसायटीला शाल-श्रीफळाची हौसच असेल तर तेही त्याच आठवड्यात, चहा-बटाटेवड्यावर अर्ध्या तासात उरकावं.

घरचं जेवण मात्र फक्त दोन कुटुंबांचं. मे महिना आहे म्हणजे आमरस. सोबत पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कुरडया-पापड, कैरीची डाळ. कोण किती खातं ते तुम्हाला माहीतच आहे, तरी अंदाज म्हणून सांगते: आठ माणसांना मध्यम आकाराचे दीड डझन हापूस, म्हणजे माणशी दोन वाट्या रस होतो. रस खूप आधी काढून ठेवू नका, उघड्यावर काळा पडतो. दूध घालायचं तर वाढायच्या वेळीच घाला, आंब्यात जरा आंबटपणा असला तर आधी घातलेलं दूध फाटतं. आजींच्या वाटीत चमचाभर तूप आणि चिमूटभर सुंठ.

ओटी भरायची असेल तर याच दिवशी, शेवटच्या सकाळी नाही. खण किंवा ब्लाउजपीस, नारळ, तांदूळ किंवा गहू, हळकुंड, सुपारी, एखादं फळ, गजरा. शेवटच्या सकाळी भरलीत तर तो ओला नारळ आणि ते तांदूळ ती बिचारी कुठे कोंबणार? आठवडाभर आधी भरलीत तर तांदळाची खीर होते, नारळ वापरला जातो, खण बॅगेत जातो. विमानाने जाणाऱ्या कुणाला बरोबर खोबरं देत असाल तर तेही थांबवा, सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत.

एक नाजूक गोष्ट. आजी एकट्या असतील तर सुनेची ओटी भरताना त्यांना बाजूला बसवून ठेवू नका. आमच्याकडे आता सरळ त्यांचीही ओटी भरतात. तुमच्याकडे किंवा त्यांना ते रुचणार नसेल तर आधी आजींना सुती साडी आणि फळ देऊन सगळ्यांनी वाकून नमस्कार करायचा, मग सुनेकडे वळायचं. क्रम तेवढा पाळा.

---

भांडी बाजार
भेटवस्तूंबद्दल. पहिली चाळणी ही, की वस्तू ट्रक भरायच्या आधी हातात पडली पाहिजे. शेवटच्या दिवशी दिलेली मोठी भेट म्हणजे आयत्या वेळी वाढलेली एक पिशवी. थ्री टायर एसी आणि स्लीपर, दोन्हीत माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं, पण वजन तिथे आड येत नाही. जागा आणि हात कमी पडतात. एका हातात आजींचा हात, दुसऱ्यात बॅग, आणि तुमची काचेची फ्रेम कुठे धरायची?

पैठणीचा मोह सगळ्यांना होतो, येवला आपल्याच जिल्ह्यातलं. द्यायची तर हातमागावरचीच द्या आणि स्वतः जाऊन घ्या. पदर उलटून बघायचा. खऱ्या पैठणीत मोर आणि वेलबुट्टी मागून जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे कापलेल्या धाग्यांची पिसं किंवा लोंबते धागे दिसले तर ती यंत्रमागाची, मग दुकानदार काही का सांगेना. आणि खरं सांगू का, इतकी महागाची भेट घेणाऱ्याला ओझं होते. परतफेड कशी करायची हा विचार तिच्या मनात पहिला येतो.

माझं मत विचाराल तर मिसळणाचा डबा द्या. जाड पितळेचा किंवा स्टीलचा, आत सात वाट्यांचा, आणि त्यावर नाव घालून. रोज दोनदा हातात येणारी वस्तू आहे ही, शोकेसमधली नाही. नाव घालताना लक्षात ठेवायच्या चार गोष्टी:

मजकूर कागदावर सुवाच्य लिहून न्या, तोंडी सांगू नका. कोरणारा कानावर पडेल तसं कोरतो, वेलांटी पहिली की दुसरी हे त्याला विचारायची सवय नसते आणि कोरलेलं पुसता येत नाही. नाव तळाला घालू नका, ओट्यावर घासून वर्षा-दोन वर्षांत अक्षरं बुजतात. झाकणाच्या कडेलगत किंवा डब्याच्या अंगावर वरच्या बाजूला घाला. मजकूर आखूड ठेवा: देणाऱ्या घराचं आडनाव, "नाशिक", आणि साल. पत्र्याचा पातळ डबा असेल तर यंत्राने मागून उठाव येतो, म्हणून जाडच घ्या. आणि पैसे देण्यापूर्वी झाकण लावून बघा. कोरल्यावर डबा परत घेत नाहीत.

रिकामं भांडं द्यायचं नाही हे आपल्याला माहीत आहे, पण वाट्यांत मसाले भरून दिलेत तर ट्रकमध्ये हळद-तिखट एक होईल. वाट्यांत थोडी साखर पुडीत बांधून ठेवा. खरे मसाले वेगळे, जाड पिशव्यांत हवाबंद: अर्धा किलो काळा मसाला, पाव किलो मेतकूट, एक किलो थालिपिठाची भाजणी. काळ्या मसाल्याची पिशवी दुहेरी हवी, नाहीतर खोक्यातल्या चादरींना महिनाभर त्याचाच वास. भाजणी एकदम जास्त देऊ नका. कोलकात्याची हवा दमट, तिथे पीठ लवकर खवट होतं आणि जाळं धरतं. संपली की परत पाठवता येईल.

---

दशमी-चटणी
गाडीतला डबा हा माझा प्रांत. गीतांजली नाशिक रोडहून सकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. म्हणजे दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता अशा तीन वेळा. मधे भुसावळ-अकोला-बडनेरा भर दुपारी, मे महिन्यात. तिथे डब्यातलं काय टिकतं आणि काय नाही, याची परीक्षा होते.

पहिलं जेवण: दहीभात, पण दही घालून नाही. एक वाटी तांदळाचा भात मऊ शिजवून गरम असतानाच घोटा. कोमट झाला की अडीच वाट्या कोमट दूध आणि फक्त दोन चमचे दही घालून कालवा. मीठ, वरून मोहरी-हिरवी मिरची-कढीपत्त्याची फोडणी. डबा भरताना पातळ वाटला तरी घाबरू नका, दुपारपर्यंत तो डब्यातच विरजतो आणि गोड लागतो. सकाळीच भरपूर दही घातलंत तर एक वाजेपर्यंत आंबट ढोण. हा दुपारीच संपवायचा, रात्रीसाठी ठेवायचा नाही, हे डबा देताना सांगा.

रात्रीसाठी आणि सकाळसाठी दशम्या. गुळाच्या: दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ, अर्धी ते पाऊण वाटी दूध, दोन चमचे तूप, चिमूट मीठ, थोडं जायफळ. गूळ गार दुधात विरघळवायचा. गरम दुधात टाकलात की दूध फाटलंच समजा. दूध एकदम ओतू नका, गूळ विरघळला की पीठ सैल होत जातं. पोळीपेक्षा घट्ट भिजवा, जरा जाडसर लाटा आणि मंद ते मध्यम आंचेवर भाजा. मोठ्या आंचेवर गूळ करपतो आणि मधला भाग कच्चा राहतो. कच्च्या राहिलेल्या दशमीलाच आधी बुरशी येते. एवढ्या पिठात दहा-बारा होतात, चौघांना असे दोन घाणे करा. एक घाणा तिखट करायचा तर गुळाऐवजी तिखट, ओवा, तीळ, हळद.

सोबत शेंगदाण्याची चटणी: एक वाटी भाजलेले दाणे, आठ-दहा लसूण पाकळ्या, दीड चमचा तिखट, मीठ. लसूण थेंबभर तेलावर कोरडा होईपर्यंत परता, म्हणजे त्यातला ओलावा जातो. ओलं खोबरं, कच्चा कांदा, कोथिंबीर, उकडलेला बटाटा यातलं काहीही उन्हाळ्याच्या डब्यात नको.

आता सगळे चुकतात ती गोष्ट. दशम्या पहाटे भाजायच्या आणि गरम गरमच फॉइलमध्ये गुंडाळायच्या, हे करू नका. आत वाफ धरते, पाणी सुटतं, संध्याकाळपर्यंत चिकट. आदल्या संध्याकाळी भाजा, जाळीवर किंवा सुती कापडावर एकेक पसरून पूर्ण गार करा, मग कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात. डबे परत येणार नाहीत असेच द्या. "डबा परत पाठवा हं" म्हणायची वेळ नाही ही. प्रत्येक जेवणाचा डबा वेगळा, वर चिठ्ठी. सोबत चार चमचे, कागदी रुमाल, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

चिवडा द्याच. पण अर्धा किलो गाडीत खायला आणि बाकी ट्रकमध्ये. नाशिकचा चिवडा म्हणून चार किलो हातात देणारे लोक असतात.

---

जेलरोडवाला
स्टेशनबद्दल. तुमच्या बाजूने एकूण तिघं-चौघं पुरे. सोसायटीतल्या वीस जणांना गेटवरूनच टाटा करायला लावा.

इंदिरानगरहून नाशिक रोड एरवी अर्ध्या तासाच्या आत. पण द्वारका चौकात किंवा बिटको चौकात अडकलात की गणित कोलमडतं, म्हणून गाडीच्या वेळेआधी दीड तास निघा. सामान आणि माणसं वेगवेगळ्या गाड्यांत असतील तर तिकीट आणि ओळखपत्रं माणसांच्या गाडीत. निघण्यापूर्वी गाडी कुठवर आली ते रेल्वेच्या ॲपवर बघा. प्लॅटफॉर्म तिकीट प्रत्येकी 10 रुपये, दोन तास चालतं, खिडकीवर रांग असेल तर मोबाइलवर काढा. सुट्टीच्या गर्दीत कधी कधी ही विक्री बंद ठेवतात, तेव्हा आजींना डब्यापर्यंत कोण नेणार हे आधी ठरवा. त्यांना जिना झेपत नसेल तर हमाल आणि व्हीलचेअरची चौकशी स्टेशनवर पोचल्या पोचल्या करायची.

गाडी आपल्याकडे सुटत नाही, मुंबईहून येते आणि मोजकी मिनिटं थांबते. त्यामुळे गळाभेटी, रडणं, फोटो, हातावर दही, जे काय असेल ते गाडी फलाटाला लागायच्या आधी उरका. डब्याच्या क्रमांकाच्या पाटीखाली उभे राहा. गाडी आली की क्रम असा: एक जण आत चढून जागा पकडतो, मग आजी, मग मुलगा, मग सामान हातोहात, शेवटी बाकीचे. सामान आधी चढवलंत की दारात बॅगांचा ढीग होतो आणि आजी खाली राहतात.

तुम्ही डब्यात चढायचं नाही. सीटपर्यंत सोडायला आत जातात, बोलत बसतात, गाडी हलते आणि मग चालत्या गाडीतून उड्या. सामान आत ठेवायला कुणी लागणारच असेल तर एकच धडधाकट माणूस, तोही ठेवून लगेच खाली. एसी डब्याची काच बंद असते, बाहेरून बोललेलं आत ऐकू जात नाही, त्यामुळे जे बोलायचं ते आधीच.

---

इंदिरानगरकर
मनापासून आभार. जेवण आता आधीच्या रविवारी ठरवलं, सोसायटीलाही पटवलं. दोन शंका राहिल्यात. शेवटच्या दोन दिवसांत आम्ही नक्की काय मदत करावी, म्हणजे मधे मधे न करता? आणि मुलांचं काय? आमची मुलगी आत्तापासून गप्प गप्प आहे.

---

पंचवटीची मावशी
मदत म्हणजे तुमचं स्वयंपाकघर आणि तुमची न्हाणी त्यांच्या हवाली करणं. गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद आणि अनामत परत घ्यायची असते. ते काम शेवटच्या दिवसावर ठेवलं तर कधी एजन्सी बंद, कधी पुस्तक खोक्यात गेलेलं. त्यांना दोन-तीन दिवस आधी जमा करू द्या आणि तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण तुमच्याकडे. फ्रिजही ट्रकच्या आदल्या दिवशी रिकामा करून बंद करावा लागतो, नाहीतर बर्फाचं पाणी ट्रकमध्ये. त्यातलं लोणी, लोणची, अर्धी भाजी सरळ तुमच्या फ्रिजमध्ये घ्या. आणि पॅकिंगवाल्यांचा चहा-पाणी तुम्ही सांभाळा, चार-पाच माणसं असतात.

ट्रक गेल्यावर त्या घरात ना गादी ना पंख्याखाली चटई. रात्री ते चौघं तुमच्याकडे झोपणार. चादरी, टॉवेल, चार्जर बाहेर काढून ठेवा आणि सकाळच्या अंघोळींचे नंबर रात्रीच लावा. आठ माणसं, एक गीझर आणि सकाळची गाडी!

आता एक काम आज संध्याकाळीच करा. दोन्ही घरांनी कागद घेऊन बसा आणि एकमेकांकडे काय काय पडलंय ते लिहा. किल्ल्या, पातेली, शिडी, पुस्तकं, हातउसने पैसे, भिशीचे उरलेले हप्ते. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर अडीअडचणीचा नंबर म्हणून त्यांचा दिला असेल तर तो बदला. जवळच्या माणसात हिशेब काढायला जीव होत नाही, म्हणून राहून जातं आणि मग वर्षभर फोनवर दोघांनाही ते आठवत असतं, बोलत कुणीच नाही. झाडं ट्रकमध्ये टिकत नाहीत. कुंड्या तुम्ही घ्या, पण कुठल्या झाडाला किती पाणी ते आजींनाच विचारून घ्या. त्यांनाही ते कुणी विचारलेलं हवं असतं.

---

फळा-खडू
मुलांबद्दल. "रोज व्हिडिओ कॉल करा" हे सांगू नका. चौथीतली मुलं फोनवर समोरासमोर बसवली की "काय करतोस", "काही नाही" यापुढे जात नाहीत आणि चार दिवसांत कंटाळतात. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा, आणि फोनवर करायला काहीतरी द्या: बुद्धिबळ, कोडी, एकाच पुस्तकातलं एकेक पान वाचणं.

पोस्टकार्ड अजून 50 पैशांना मिळतं. मुख्य पोस्टात जाऊन वीस घ्या, दहांवर तुमचा पत्ता मुलीच्या अक्षरात लिहून त्याला द्या. त्यांचा नवा पत्ता कळला की उरलेल्या दहांवर तो लिहून मुलीकडे ठेवा. पत्ता आधीच लिहिलेला असला तरच मुलं पत्र टाकतात. पिनकोड मोठ्या माणसाने तपासावा.

एक दिवस फक्त त्या दोघांचा ठेवा, पॅकिंग सुरू व्हायच्या आधी. सकाळी लवकर पांडवलेणी चढून या, मेमध्ये उशीर केलात तर पायऱ्या तापतात. उतरल्यावर मिसळ. रविवार असेल तर दहानंतर चांगल्या ठिकाणी उभं राहायलाही जागा नसते. पोरांसाठी तर्री वेगळी मागा.

मुलीला खोकी भरताना तिथे असू द्या. तिला लांब ठेवून एक दिवस अचानक रिकामं घर दाखवलंत तर ते जास्त लागतं. त्याच्या खेळण्यांच्या खोक्यावर नाव लिहायचं काम तिला द्या. आणि "आपण लवकरच भेटू" असं मोघम बोलू नका, भेटीची तारीख ठरवून सांगा, मुलं दिवस मोजतात.

शाळेचा दाखला दुसऱ्या राज्यात चाललाय, तेव्हा त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का हे त्यांना शाळेत आत्ताच विचारायला सांगा. मागाहून लागली तर धावपळ तुम्हालाच करावी लागेल, म्हणून त्यांच्याकडून अधिकारपत्र सही करून घेऊन ठेवा.

---

जेलरोडवाला
भेटीच्या तारखेवरून आठवलं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीला त्यांना बोलवायचं असेल किंवा तुम्हाला दुर्गापूजेला तिकडे जायचं असेल तर कॅलेंडरवर साठावा दिवस आजच खुणा करून ठेवा, हावड्याच्या गाड्या त्या दिवसांत पहिल्या काही मिनिटांत भरतात. फक्त 2027 च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या आसपास बोलावू नका, त्यांना स्टेशनवरून घरी आणणं तुम्हालाच जमायचं नाही.

---

दशमी-चटणी
आणि नाहीच जमलं दिवाळीला, तर फराळ पाठवाल तेव्हा: शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे जातात. ओल्या नारळाची करंजी नको. चकली कडक बरणीत, मधल्या पोकळीत कुरमुरे ठासून भरा म्हणजे हलत नाही. लाडू एकेक कागदात. खोकं हलवून बघा, आतून आवाज आला तर अजून कागद कोंबा. वसुबारसेच्या दहा दिवस आधी टपालात पडलं पाहिजे.